पोटातल्या बाळाचं रक्त कुठे तयार होतं?

प्रश्न : माझा थोरला नातू चार वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. जन्मल्यावर पहिले पाच-सहा महिने पोरगं अगदी ठणठणीत होतं. मग हातापायाची बोटं सुजायला लागली आणि तपासणीत हे निघालं. आता सून पुन्हा गरोदर आहे, सातवा लागला आहे. ‘नाळेतलं रक्त साठवून ठेवा, त्यात स्टेम सेल असतात, पुढे कुठल्याही आजारावर चालतात,’ असं एका कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला. पैशांचं नंतर बघू, आधी मला गोष्ट समजून घ्यायची आहे. पोटातल्या बाळात या पेशी येतात कुठून, असतात कुठे आणि नाळेत काय करतात? थोरल्याला पहिले सहा महिने काहीच का झालं नाही? (एक वाचक, वडसा, जि. गडचिरोली)

उत्तर : ‘नाळेत काय करतात’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण रक्त साठवायला निघालेले बहुतेक जण तो विचारतच नाहीत. या पेशी नाळेत राहत नाहीत, त्या वाटेत असतात. बाळ जन्मायच्या सुमाराला रक्त घडवणाऱ्या मूलपेशी एका अवयवातून दुसऱ्या अवयवात बिऱ्हाड हलवत असतात, आणि नाळ कापली की त्यातल्या काही आपल्या हाती लागतात. त्यांचं हे पहिलंच स्थलांतर नसतं. जन्माआधीच्या नऊ महिन्यांत त्यांची जागा पुन्हा पुन्हा बदललेली असते.

पण आधी एक गुंता सोडवू. स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, आणि त्या एकाच प्रकारच्या नसतात. मूलपेशी ओळखायची ती दोन गुणांवरून : ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि तिच्यापासून ठरावीक काम करणाऱ्या पेशीही घडतात. गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांनी, गर्भ गर्भाशयात रुजायच्या आधी, त्याच्या आत पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी शरीराचा कुठलाही भाग घडवू शकतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली माणसाच्या अशा पेशी प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवून दाखवल्या. वंध्यत्वावरच्या उपचारांत उरलेले आणि जोडप्यांनी संमतीने दिलेले गर्भ त्यासाठी वापरले होते. मात्र ही अवस्था काही दिवसांतच संपते. दिवस राहिल्याचं कळेपर्यंत ती उलटून गेलेली असते. त्यानंतर वाढणाऱ्या गर्भात ज्या मूलपेशी असतात त्यांची कामं वाटली गेलेली असतात. रक्ताच्या मूलपेशी रक्त घडवतात, कातडीच्या कातडी घडवतात, आतड्याच्या त्याचं अस्तर घडवतात. तुमच्याकडे आलेल्या माणसाने ‘कुठल्याही आजारावर’ असं म्हणताना या दोन्हींची सरमिसळ केली. नाळेच्या रक्तात मिळतात त्या मुख्यतः रक्ताच्या मूलपेशी, आणि त्यांचा सिद्ध झालेला उपयोग रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांत आहे, तसाच चयापचयाच्या काही दुर्मीळ जन्मजात आजारांत.

अशा पेशी असतात याचा ठोस पुरावा १९६१ साली कॅनडात टोरांटोला मिळाला. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक या दोघांनी उंदरांची अस्थिमज्जा किरणोत्साराने निकामी केली, मग त्यांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. दहा दिवसांनी पाहिलं तर त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी उठल्या होत्या. एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढली होती आणि तिच्यात वेगवेगळ्या प्रकारच्या रक्तपेशी होत्या. अस्थिमज्जा बदलण्याचं सगळं शास्त्र या शोधावर उभं आहे.

आता बाळाकडे येऊ. इथे आठवडे मोजताना एक लक्षात ठेवा : डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, मी गर्भधारणेपासून मोजतो आहे. म्हणजे माझा चौथा आठवडा हा डॉक्टरांच्या फायलीतला सहावा.

पहिलं रक्त बाळाच्या शरीरात तयारच होत नाही. तिसऱ्या आठवड्यात गर्भाला लागून एक पिशवी असते, तिला पीतककोश म्हणतात. तिच्या भिंतीत पहिल्या तांबड्या पेशी घडतात. या पेशी मोठ्या असतात आणि त्यांच्यात केंद्रक असतं, जे तुमच्या-माझ्या तांबड्या पेशींत नसतं. हे रक्त तात्पुरतं, त्या घडीची गरज भागवणारं. बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय धडधडू लागतं आणि या पेशी फिरायला लागतात.

आयुष्यभर पुरणाऱ्या मूलपेशी येतात त्यानंतर, चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तेव्हा गर्भ जेमतेम अर्धा सेंटिमीटर असतो. त्याच्या पाठीच्या बाजूने महाधमनी जाते, आणि या धमनीच्या भिंतीतल्या काही पेशी स्वतःच रक्ताच्या मूलपेशी होतात. कशा? २०१० साली हे प्रत्यक्ष पाहता आलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी त्यासाठी झेब्राफिश घेतला. आपल्याच उपखंडातल्या नद्यानाल्यांतला हा बोटभरही नसलेला पट्टेरी मासा. त्याचं भ्रूण पारदर्शक असतं, त्यामुळे जिवंतपणी त्याच्या शिरांमधलं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. धमनीच्या तळाशी शेजारणींना चिकटून बसलेली एक चपटी पेशी हळूहळू वाकते, फुगते, गोल होते, दोन्ही बाजूंच्या शेजारणी सरकून मोकळी जागा बुजवतात, आणि ती पेशी भिंतीतून सुटून निघून जाते. शीर फाटत नाही, गळत नाही. त्याच वर्षी उंदराच्या भ्रूणातही हेच दिसलं. माणसाच्या गर्भातही धमनीच्या तळाशी अशा नव्या पेशींचे घोस सापडलेले आहेत.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की रक्त वाहण्याचा दाबच या पेशी घडवायला मदत करतो. २००९ साली झेब्राफिश आणि उंदीर या दोन्हींवर झालेल्या प्रयोगांत, हृदय धडकत नसेल तर या मूलपेशी नीट तयार होत नाहीत असं आढळलं. म्हणजे पीतककोशातलं ते पहिलं तात्पुरतं रक्त वाहू लागतं तेव्हाच पुढच्या कायमच्या रक्ताची तयारी होते.

धमनीत त्या थांबत नाहीत. तिथून त्या यकृतात येतात. हाडांत का नाही जात? कारण हाडं अजून झालेलीच नसतात. त्या जागी कूर्चा असते, आत मज्जेसाठी पोकळी नसते. यकृत मात्र लवकर मोठं होतं, इतकं की या काळात बाळाच्या पोटाचा मोठा भाग तेच व्यापतं. पुढचे कितीतरी आठवडे बाळाचा रक्ताचा मुख्य कारखाना म्हणजे यकृत, थोडाफार हातभार प्लीहेचा. मूलपेशींची संख्याही इथे वाढते. अडीच-तीन महिन्यांच्या सुमारास हाडांत पोकळ्या तयार व्हायला लागतात, तिथल्या पेशी एक रसायन सोडतात, त्याचा माग काढत मूलपेशी रक्तातून तिकडे जायला लागतात. पण अस्थिमज्जा खरी जोर धरते ती सातव्या महिन्याच्या सुमारास. तुमच्या सुनेच्या पोटातलं बाळ आज याच टप्प्यावर आहे : यकृतातलं काम ओसरत चाललंय आणि हाडांतलं वाढत चाललंय.

म्हणून जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात या पेशी मोठ्या माणसाच्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त सापडतात. नाळेतलं आणि वारेतलं रक्त हे बाळाचंच रक्त, आईचं नव्हे. तिथे वेगळा असा काही साठा नसतो.

वाटेतल्या काही पेशी तर वार ओलांडून आईच्या अंगात शिरतात. अमेरिकेतल्या डायना बियांकी यांनी १९९६ साली दाखवलं की मुलाच्या जन्मानंतर २७ वर्षांनीही त्या मुलाच्या पेशी आईच्या रक्तात सापडू शकतात. मुलगा असला की त्याच्या पेशींत वाय गुणसूत्र असतं, म्हणून त्या ओळखता येतात. तुमच्या सुनेच्या अंगात थोरल्याच्या काही पेशी आजही असतील, ही शक्यता मोठी आहे. त्या तिथे आईच्या दुखापती भरून काढतात की काही आजारांना निमंत्रण देतात, यावर अजून शोध चालू आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सहा महिन्यांचा. याचं उत्तर त्याच यकृताच्या दिवसांत आहे. गर्भात असताना बाळाच्या तांबड्या पेशींत वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्याला गर्भ-हिमोग्लोबिन किंवा हिमोग्लोबिन एफ म्हणतात. पोटात बाळाला श्वास घेता येत नाही, आईच्या रक्तातला प्राणवायू वारेतून ओढून घ्यावा लागतो. एफ हे काम चांगलं करतं, कारण त्याची प्राणवायूवरची पकड आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट असते. जन्माच्या वेळी बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये साधारण ६० ते ८० टक्के एफच असतं. त्यानंतर ते घडवणारं जनुक मिटत जातं आणि मोठेपणीचं हिमोग्लोबिन घडवणारं जनुक उघडतं. बाळ महिनाभर आधी जन्मलं म्हणून ही अदलाबदल महिनाभर आधी होत नाही, ती गर्भधारणेपासूनच्या वयानुसारच चालते.

सिकलसेलचा दोष आहे तो या मोठेपणीच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात, अकराव्या गुणसूत्रावर. त्याच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, बस्स, एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू सुटला की या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब दोऱ्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक शिरांत अडकते. एफ घडवणारं जनुक वेगळं आहे, त्यात दोष नाही. शिवाय एफ मध्ये आलं की दोऱ्या जुळत नाहीत. थोरल्याला पहिले सहा महिने सांभाळलं ते पोटातून आणलेल्या या हिमोग्लोबिनने. ते ओसरलं आणि बोटं सुजली. घरच्यांचं काही चुकलं असं मनात असेल तर ते काढून टाका.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. सिकलसेलच्या तान्ह्या बाळांच्या पेशी मोठ्यांच्या पेशींइतक्या वाकत नाहीत, हे त्यांनी १९४८ साली नोंदवलं आणि त्याचं कारण गर्भ-हिमोग्लोबिन असावं असं सुचवलं. जनुकांची भाषा तेव्हा कुणाला येत नव्हती. वॉटसन यांनी तान्ही मुलं पाहिली होती आणि नीट पाहिली होती. पुढच्या काही महत्त्वाच्या उपचारांचं मूळ तिथे आहे. हायड्रॉक्सियुरिया या गोळीचा एक मोठा गुण म्हणजे ती गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते. २००८ साली बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेतल्या विजय शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बीसीएल११ए नावाचं जनुक एफला दाबून ठेवतं. त्याच जनुकाला तांबड्या पेशींपुरतं मुकं करणारा, क्रिस्पर या जनुक-कात्रीवर आधारलेला उपचार, कॅसजेव्ही, २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाला. रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, त्यांना गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा घडवायला लावायचं आणि परत द्यायच्या. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतही क्रिस्परने सिकलसेल दुरुस्त करण्याचं काम चालू आहे, आणि मला त्याकडून फार आशा आहे. हा आजार आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत जास्त आहे. अमेरिकेतल्या किमतीत या जिल्ह्यांतलं एकही मूल बरं होणार नाही.

आता साठवण्याचं. नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी केलं. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं, आणि तो वाचला. लक्षात घ्या, रक्त बहिणीचं होतं. स्वतःचं असतं तर उपयोग नव्हता, कारण जन्मजात दोष स्वतःच्या मूलपेशींतही असतोच. ‘बाळासाठी त्याचंच रक्त साठवा’ हा प्रचार म्हणूनच पोकळ आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, स्वतःसाठी असं रक्त साठवून ठेवण्याची शिफारस करत नाही. नाळेचे तुकडे, वार, दुधाचे दात साठवायला तर तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत परवानगीच नाही. पण एक अपवाद ती मानते : घरात थोरल्या भावंडाला या पेशींनी बरा होऊ शकणारा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल तर. तुमचं घर नेमकं या अपवादात बसतं.

तरीही हिशेब करा. सुनेचा आणि तुमच्या मुलाचा पॅटर्न एएस असेल, म्हणजे दोघांच्याही जनुकाच्या जोडीतलं एकेकच सदोष असेल, तर नव्या बाळाला एसएस नसण्याची शक्यता चारांत तीन. थोरल्याशी त्याच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, आणि ती वेगळ्या गुणसूत्रावर ठरते. दोन्ही एकत्र जमण्याची शक्यता सोळांत तीन. बाळ एएस निघालं तरी त्याच्या पेशी चालतात. जुळल्या तर भावंडाच्या नाळेच्या रक्ताचे निकाल अस्थिमज्जेच्या बरोबरीचे येतात. आणि साठवलं नाही म्हणून संधी कायमची गेली असंही नाही. धाकटं थोडं मोठं झालं की त्याची अस्थिमज्जा घेता येते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ सालीच सख्ख्या भावंडाच्या मज्जेने प्रत्यारोपण यशस्वी केलं होतं.

नाळेच्या रक्ताच्या नावाखाली गुडघेदुखी, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असं काहीही बरं करून देतो म्हणणारे आपल्याकडे आहेत. त्यांच्यापासून दूर राहा. गर्भातल्या मूलपेशी भलत्या जागी टोचल्या तर काय होतं याचं एक दुःखद उदाहरण २००९ साली प्रसिद्ध झालं. मज्जासंस्थेचा आनुवंशिक आजार असलेल्या एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भांच्या मेंदूतल्या मूलपेशी टोचल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या, आणि त्या त्याच्या स्वतःच्या पेशींच्या नव्हत्या, दात्यांच्या पेशींच्या होत्या. वाढणं हेच ज्यांचं काम, त्यांना वाट दाखवणारं शरीर भोवती नसेल तर त्या वाढतच राहतात. मुलांच्या आई-वडिलांकडून लाखो रुपये घेऊन अशी इंजेक्शनं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता पुढच्या दोन महिन्यांत काय करायचं. एक, बाळंतपण जिथे होणार तिथे आधीच सांगून ठेवा की घरात एसएस मूल आहे. दोन, रक्त साठवायचं असो वा नसो, नाळ कापायची घाई होऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना बाळ जन्मल्यावर किमान एक मिनिट थांबायला सांगते, कारण तेवढ्यात बरंच रक्त बाळाकडे जातं आणि पुढे त्याला लोह कमी पडण्याची भीती घटते. थांबल्यावर साठवायला रक्त कमी उरतं, हे खरं. तरी पहिला हक्क नव्या बाळाचा. तीन, धाकट्याची तपासणी सोल्युबिलिटी टेस्टवर सोडू नका. पहिल्या सहा महिन्यांत एफ इतकं जास्त असतं की ती टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणीच मागा. बाळ एसएस निघालं तर दोन-तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस लागते, आणि ते बोटं सुजायची वाट न बघता सुरू व्हायला हवं. थोरल्याचं पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का, तेही याच भेटीत विचारून घ्या.

साठवायचंच ठरलं तर प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटा, कंपनीला नंतर. बँकेकडे केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना आहे का ते पाहा. एचपीएलसी आणि थोरल्याशी जुळणी या दोन्ही तपासण्या नाळेच्या त्याच रक्तावर करता येतात. त्या करून मिळतील का आणि जुळलं नाही तर पुढच्या वर्षांची फी बंद करता येईल का, हे सही करायच्या आधी कागदावर लिहून घ्या.